निळा पाय

गुरुवारी सकाळी साडेदहाला, कोल्हारजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, चांगुणाबाईंचा उजवा पाय भिंतीवरच्या पडद्यावर लालभडक दिसला. दोन मिनिटांनी तो निळा झाला. दीडशे माणसांनी हात जोडले.

"उतरली करणी," सूर्यभान महाराज म्हणाले. "डॉक्टर कापतो, आपन उतरवतो. ही नजर त्येंच्या बापाला मिळायची न्हाई."

नजर म्हणजे मुठीएवढा कॅमेरा. महाराज आधी त्याला अंगारा लावत, मग माणसाला त्याच्यासमोर बसवत. दुखरी जागा लाल दिसे. तीर्थ शिंपडलं, मंत्र पुटपुटला की निळी. लगेच पुढचा माणूस.

मागे चांगुणाबाईंची भाची निकिता उभी होती. साखर कारखान्यात इंजिनिअर. आत्याच्या घरात भिंतीवर बौद्ध धम्माच्या बावीस प्रतिज्ञा टांगलेल्या, आणि त्याच घरातून आत्या तीन गुरुवार इथं येत होती. कारण अंगठ्याची जखम 'आता दुखत न्हाई'. शुगरनं पायाच्या नसा बधिर झाल्या की जखम दुखेनाशी होते, हे निकिताला ठाऊक होतं.

पण ती बघत होती कॅमेऱ्याच्या कडेकडे. तिथं तिच्याच हातानं रंगवलेला आकडा होता, सात.

कारखान्यात ऊस वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यांखाली फिरून बेअरिंग तपासणारी एक यंत्रगाडी आहे. कामगार तिला खेकडा म्हणतात. खेकड्यावर बसेल असा हलका, कमी वीज खाणारा कॅमेरा निकितानंच निवडला होता. फक्त उष्णता दाखवणारा, कारण तो स्वस्त पडला. बेअरिंग लाल दिसलं की पट्टा थांबवायचा, आणि पट्टा थांबला की शिफ्टनं बोलणी खायची. मग खेकडा यायच्या आधी बेअरिंगवर मगभर पाणी पडू लागलं. पडद्यावर सगळं निळं. एक बेअरिंग जळालं, तेव्हा कळलं. मग तिनं साधं चित्रही सोबत दाखवणारा जोडकॅमेरा घेतला. त्यात निदान ओल तरी दिसते. जुना, सात नंबरचा, भंगारात काढायच्या कागदावर सही तिचीच होती.

निकिता पुढे गेली, तीर्थाची बाटली उचलून हुंगली. कापूर आणि स्पिरिट. थोडं स्वतःच्या तळहातावर ओतून तिनं हात कॅमेऱ्यासमोर धरला. लाल तळहात निळा झाला.

"महाराज, माझ्यावर करणी कुणी केली होती?"

कोणीतरी हसलं. स्पिरिट उडताना कातडीची उष्णता घेऊन जातं, वरून गार करतं, आतला जाळ तसाच राहतो, हे तिनं लोकांना सांगितलं. मग म्हणाली, "आत्या, पाय पाच मिनिटं तिथंच ठेव."

महाराजांनी पुढच्या माणसाला हाक मारली. एका म्हाताऱ्यानं त्या उठलेल्या माणसाला दंडाला धरून खाली बसवलं. म्हाताऱ्याला पायाचं काय होतं ते बघायचं होतं. चौथ्या मिनिटाला अंगठ्याभोवती पिवळं आलं, मग लाल. निकितानं पायाचा मोबाईलवर काढलेला साधा फोटो सगळ्यांसमोर फिरवला. जखमेची कड काळी पडली होती, खाली पू.

महाराज शांत होते. "बघा. शंका आली, करणी माघारी आली."

बऱ्याच माना डोलल्या. आत्याचीही.

"निके, तू कशाला आली गं मधी? उतरली हुती की."

यंत्र खोटं बोलत नाही, पण विचारलं तेवढंच सांगतं. काय शिंपडलंय ते हुंगायचं, पाच मिनिटं थांबायचं, दुसऱ्या डोळ्यानं पडताळायचं, हे काम माणसाचं. पाच मिनिटं न टिकणारा चमत्कार हा चमत्कार नव्हे. जखम लाल दिसो की निळी, डॉक्टरला दाखवा.

त्याच दुपारी निकितानं आत्याला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. अंगठा जाणारच, डॉक्टर म्हणाले. बाकी पायाचं शनिवारी बघू.

शनिवारी सकाळी नऊपर्यंत डॉक्टर राउंडला आले नव्हते. तिकडे महाराजांच्या शेडमध्ये गुरुवार नसतानाही जादा बैठक लागली होती. दारावर नवी पाटी होती: तीर्थाच्या बाटलीला हात लावू नये.