दोन डोंगर, एक गुडघा

पडदे शिवणाऱ्या बाईंचा उजवा गुडघा त्या वर्षी पार कामातून गेला. डॉक्टरांनी साफ सांगितलं, आता डोंगर चढणं बंद. बाईंनी भाजी घेताना करावी तशी घासाघीस केली आणि शेवटी तडजोड झाली: एकच डोंगर, तोही शेवटचा. डॉक्टरांना वाटलं, आपण जिंकलो. डोंगर दोन आहेत आणि त्यातला एक सोडायचा म्हणजे काय सोडायचं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

गोष्ट जुनी. बाईंचा धाकटा भाऊ सैन्याच्या विमानात शेपटाकडच्या जागेवर बसायचा. अख्खी लढाई त्याने अंगावर ओरखडा न येता काढली आणि लढाई संपल्यावर नुसत्या सरावात गेला. ढगांमध्ये दोन विमानं एकमेकांवर आदळली. एक अलीकडच्या डोंगरावर कोसळलं, दुसरं दरीपलीकडच्या.

बरं, भाऊ कुठल्या विमानात होता हे तरी कळावं की नाही? तेही नाही. दुसऱ्या विमानात शेपटाकडे त्याचा जिवलग दोस्त असायचा आणि त्या विमानाचा वैमानिक उड्डाणभर गायचा, तेही बेसूर. म्हणून हे दोघे गुपचूप आळीपाळीने जागा बदलत आणि छळ वाटून घेत. त्या दिवशी गाणं ऐकायची पाळी कोणाची होती, हे सांगायला कोणी उरलं नाही. ओळख पटावी असंही काही उरलं नाही. सगळ्यांची नावं एका दगडावर कोरली गेली. तो दगड छावणीच्या आत आणि आत बाहेरच्यांना मज्जाव.

तेव्हापासून बाई दरवर्षी त्या तारखेला यायच्या. आज एक डोंगर, उद्या दुसरा. आधी आईबरोबर, मग नवऱ्याबरोबर, आणि ते दोघेही गेल्यावर बहिणीच्या मुलीबरोबर. दोन्हीकडे गवतात रुतलेलं एकेक इंजिन होतं, पंख्याच्या वाकड्या पात्यासकट. बाकीचं हौशी लोकांनी आठवण म्हणून केव्हाच लांबवलं होतं. बाई पडद्याच्या उरलेल्या कापडाची एक पट्टी त्या पात्याला बांधत. पट्टीच्या चारी कडा दुमडून शिवलेल्या असत, नाहीतर त्यांचं मन खाई. भाऊ म्हणायचा, "ताई, तू पायपुसणंसुद्धा लग्नाला निघाल्यासारखं शिवतेस."

दोन्ही डोंगरांवर त्यांना दरवर्षी आणखी एक गोष्ट दिसे. पंख्याच्या बुडाशी ताजं तेल घातलेलं असे. गंज चढू नये म्हणून सैन्य माणूस पाठवत असणार, अशी बाईंची पक्की खात्री होती. "सरकार विसरलेलं नाही ग," असं त्यांनी आईला तिच्या शेवटच्या दुखण्यात सांगितलं होतं. आईला ते ऐकून फार बरं वाटलं होतं.

"मावशी, कुठला डोंगर?" भाचीने फाट्यावर गाडी थांबवून विचारलं.

"वर्षभर तेच चाललंय डोक्यात."

"मग नाणं उडव. मामा रागावणार नाही. आणि रागावलाच तर मी दटावीन, आता तो माझ्याहून लहान आहे."

बाई हसल्या आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. "अलीकडचाच घे. चढ कमी आहे. पण तो पलीकडे असला तर? वाट बघत बसेल ग, ताई का आली नाही म्हणून."

भाचीने गाडी अलीकडच्या डोंगराकडे वळवली. पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी परदेशी चालली होती. परत कधी येणार, हे मावशीने विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं.

बसत, उठत, गुडघ्याला शिव्या घालत बाई भाचीबरोबर वर पोचल्या. इंजिनाजवळ एक म्हातारा दगडाला टेकून बसला होता. हातात तेलाची छोटी बुधली. बाई हरखल्याच. इतक्या वर्षांनी माणूस सापडला एकदाचा!

"तुम्ही सैन्याकडून ना?" त्यांनी धापा टाकत विचारलं. "मला तुमचे आभार मानायचेत हो."

म्हातारा बघतच राहिला. "सैन्य? अहो बाई, माझं चाव्या बनवायचं दुकान आहे. हे कुलपात घालायचं तेल." मग त्याचं लक्ष त्यांच्या हातातल्या पट्टीकडे गेलं. "म्हणजे या पट्ट्या तुम्ही बांधता? मला वाटायचं, खालच्या गावातलं कोणी बांधतं. घरी कौतुकाने सांगायचो मी, गावाने आठवण ठेवलीय म्हणून."

"तुमचं कोण होतं?"

"थोरला भाऊ. शेपटाकडे बसायचा. त्यांचा वैमानिक गायचा म्हणे."

हा दोस्ताचा भाऊ! दुकानाच्या सुट्टीत, तारखेच्या आठवडाभर आधी तो दोन्ही डोंगर करून जायचा. यंदा डोळ्याच्या ऑपरेशनमुळे उशीर झाला, म्हणून गाठ पडली.

"म्हणजे सैन्य नाही, गाव नाही," तो म्हणाला. "इतकी वर्षं आपणच दोघं एकमेकांना फसवत होतो."

बाईंना वाटलं, बरं झालं आई हे ऐकायला नाही. पण निदान हा माणूस आहे, या विचाराने त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला. त्यांनी पिशवीतून दुसरी पट्टी काढली. "देवानेच गाठ घातली बघा. मला काही पलीकडचा डोंगर चढवत नाही आता. उद्या तुम्ही जालच, तर एवढी तिकडे बांधा. गाठ कशीही मारलीत तरी चालेल."

चावीवाल्याने पट्टी घेतली नाही. त्याने आपल्या झोळीत हात घातला आणि दुसरी बुधली काढली, काठोकाठ भरलेली.

"मी सकाळपासून याच आशेवर बसलोय," तो म्हणाला. "आज तारीख आहे, पट्ट्या बांधणारं कोणी आलं तर ही त्याच्या हवाली करावी म्हणून. माझी छाती गेलीय बाई. मुलाने कसंबसं इथवर आणलं, संध्याकाळी न्यायला येईल; पलीकडे काही तो जायचा नाही. हाच निवडला, चढ कमी म्हणून."

दोघांपैकी कोणीही भाचीकडे पाहिलं नाही. भाचीने मात्र बुटाची नाडी सोडली आणि खाली मान घालून ती पुन्हा बांधायला घेतली.

समोरच्या डोंगरावर ऊन होतं. इतक्या लांबून इंजिन दिसणं शक्यच नव्हतं, तरी दोघेही टक लावून तिकडे बघत राहिले.

"दोघांतला एक नक्की तिकडे आहे," चावीवाला म्हणाला.

"हो. आणि आपण दोघंही इथे."

मग बाईंनी दोन्ही पट्ट्या इथल्याच पात्याला बांधल्या आणि त्याने दोन्ही बुधल्या इथेच रिकाम्या केल्या. तेल ओघळून गवतात गेलं. बाईंनी हात जोडले आणि आयुष्यात कधी मागितलं नव्हतं ते मागितलं: देवा, तिकडचा याचा असू दे.

डोळे उघडले तर शेजारी चावीवालाही हात जोडून काहीतरी पुटपुटत होता. तो काय मागतोय, हे बाईंना विचारावं लागलं नाही.