धाकटीची निळी डबी

“बघ, कसं लख्ख निघालं! तोंडात घालायची वस्तू अशी ओट्यावर ठेवतात का कुणी? म्हटलं, द्यावं एकदा उकळून,” असं म्हणत थोरल्या जाऊबाईंनी चिमट्याने ते पातेल्यातून वर काढलं आणि धाकटीपुढे धरलं.

ते म्हणजे तिचं रिटेनर. वरच्या दातांवर टोपीसारखं चपखल बसणारं पारदर्शक प्लास्टिक. अर्ध्या तासापूर्वी न्याहारीला बसताना तिने ते काढून निळ्या डबीत ठेवलं होतं. आता ते आकसून वाळलेल्या सालीसारखं झालं होतं. तरीही तिने ते तोंडात घालून पाहिलं. एका बाजूला बसेचना, दुसऱ्या बाजूला हिरडीत रुतलं.

“ताई, डबीवर चिठ्ठी होती ना! ‘गरम पाणी नको’ म्हणून चांगलं मोठ्या अक्षरात लिहिलंय.”

“चष्मा कुठे होता डोळ्यावर? चांगलं करायला जावं, तर हे असं!”

धाकटी म्हणजे काही नवी नवरी नव्हे. सत्तेचाळीस वर्षांची बाई, इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बावीस वर्षं बसलेली. पण या घरात एकदा धाकटी ती कायमची धाकटी. तिचे पुढचे दोन दात लहानपणापासून एकमेकांवर चढलेले. पाहुणे आले की आई कानात सांगायची, “तोंड मिटून हस हं.” तिने ते इतकं मनावर घेतलं की हसणंच सोडलं. आलंच हसू तर हात तोंडावर. खिडकीवरच्या मुली पाठीमागे तिला ‘एरंडेलबाई’ म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. शेवटी पंचेचाळिसाव्या वर्षी तिने स्वतःच्या पगारातून दातांना तारा लावून घेतल्या. दोन वर्षं घरादाराने काय कमी थट्टा केली? “आता शाळेत नाव घालायचं का?” हे नणंदेचं. “या वयात कुणाला दाखवायचेत?” हे खुद्द नवऱ्याचं. तिने सगळं गिळलं. तारा निघून जेमतेम सहा आठवडे झाले होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दातांना आपली जुनी जागा आठवत असते. वर्षभर रिटेनर जेवणापुरतंच काढायचं, नाहीतर केलं-सवरलं सगळं मातीत.

हे तिने घरात शंभरदा सांगितलं होतं. पण ऐकतंय कोण!

नवरा वर्तमानपत्र घेऊन आत आला आणि तिच्या हातातली वस्तू पाहून खो-खो हसत सुटला. “हे तर गेलं कामातून! अगं, दात आले ना सरळ? मग कशाला हवंय ते लोढणं?”

टेबलाशी बसलेले सासरेही हसले. तेही आपल्या सरळ, पांढऱ्याशुभ्र, करून घेतलेल्या दातांनी.

ते पाहिलं मात्र, तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“बाबा, तुम्ही तरी हसू नका! तुमच्या कवळीचा पेला बेसिनवरच्या फळीवर अकरा वर्षं आहे. हलवलाय कधी कुणी? त्यातलं पाणी रोज मी बदलते. मागे कवळीला चीर गेली तेव्हा हे रजा टाकून दवाखान्यात धावले. आठवडाभर अख्ख्या घराने मऊ भात खाल्ला, तुम्हाला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून. तेव्हा हसलं होतं कुणी? ते दात, आणि माझी तेवढी नाटकं?”

“अगं, बाबांना कवळीशिवाय खाता येत नाही,” नवरा म्हणाला.

“आणि मला हसता येत नव्हतं! पंचवीस वर्षांत तुमच्या लक्षात तरी आलं का?”

जाऊबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “बरं, बारा वाजता नणंदेकडची माणसं जेवायला यायचीत. स्वयंपाकाचं बघ आधी.”

“भाजी चिरलेली आहे. फोडणी तुम्ही द्या. दवाखाना एक वाजता बंद होतो, आणि उद्या रविवार,” असं म्हणून तिने पायात चपला सरकवल्या.

दवाखान्यात तिचा नंबर लागेपर्यंत बारा वाजले. डॉक्टरीणबाईंनी रिटेनर उलटंपालटं करून पाहिलं. “उकळत्या पाण्यात ना? महिन्याला एक तरी येतंच असं. पण ते मुलांचं. मग आई, बाप, आजी, सगळी वरात येते हळहळत.”

धाकटी एकटीच आली होती. तिच्याबरोबर कोण येणार होतं!

डॉक्टरीणबाईंनी कपाटातून तिच्या दातांचे दोन प्लास्टरचे साचे काढले, एक तारा लावण्याआधीचा, एक नंतरचा. नंतरच्या साच्यावर तापवलेलं प्लास्टिक दाबून त्या नवं रिटेनर करायला बसल्या. तासभर धाकटी जुना साचा मांडीवर घेऊन बसली. त्या वेड्यावाकड्या दातांचा तिला राग यायला हवा होता. आला तो इतकी वर्षं गप्प बसल्याचा. मग नवं रिटेनर टक्क करून बसलं आणि ती घरी निघाली.

पोचली तोवर पाहुणे जेवून गेले होते.

“भाजीत मीठ जास्त पडलं,” जाऊबाई फणकारल्या. “सगळं माझ्या एकटीच्या अंगावर टाकून गेलीस.”

“चष्मा नसेल डोळ्यावर,” धाकटी म्हणाली आणि डबी धुवायला बेसिनकडे गेली.

तिथे सासरे कवळी काढून चूळ भरत होते. तिला पाहून ते बाजूला झाले. मग त्यांनी फळीवरचा पेला कडेला सरकवला, कंगवा आणि दाढीचं सामान उचललं आणि वीतभर जागा मोकळी केली.

“इथं ठेव,” ते बोळक्या तोंडाने म्हणाले. “इथलं कोणी हलवत नाही.”

“सकाळी हसलात तुम्ही, बाबा.”

“हसलो खरा.” त्यांनी मान खाली घातली. “चुकलं माझं.”

तिने डबी पेल्याशेजारी ठेवली.

संध्याकाळी जाऊबाई फडकं घेऊन फळी पुसायला आल्या. धाकटी दारात उभी राहून बघत होती. सवयीने त्यांनी पेल्याभोवतून फडकं फिरवलं. डबीपाशी हात थांबला. त्या आत गेल्या, चष्मा लावून आल्या, वाकून चिठ्ठी वाचली आणि डबीभोवतूनही फडकं फिरवलं.