चढावर मला धाप का लागायची

मी एक जुनी मोटार आहे. वय विचारू नका. माझ्याबरोबरच्या बहुतेक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. मित्रांनो, मी जरा थांबत थांबत बोलते, सांभाळून घ्या.

माझे मालक घड्याळजी. टेकडीवरच्या मनोऱ्यातल्या मोठ्या घड्याळाला दर शनिवारी चावी द्यायची, हे त्यांचे आवडते काम. अवजारांची जड पेटी आणि त्यांचे दुखरे गुडघे, दोन्ही मीच वर नेत असे. "गाडी आहे की शेळी? कशी तुरुतुरु चढते," असे लोक म्हणायचे.

वर्षे गेली. चढावर मला धाप लागू लागली. मालकांना वाटले, म्हातारीला ताकदीचे औषध हवे. ते मला जास्त ऑक्टेनचे महागडे पेट्रोल पाजू लागले. तरी मी काळा धूर सोडायची, आणि टाकी पूर्वीपेक्षा लवकर संपायची.

"बाबा, हिला भंगारात द्या," त्यांची लेक म्हणाली. "आणि मनोऱ्याचं कामही सोडा. या गुडघ्यांनी चालत चढणार आहात का?"

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला गॅरेजवाल्या काकूंकडे नेले.

काकूंनी बॉनेट उघडले. "काका, घड्याळाला सोन्याची चावी दिली तर ते जास्त चांगलं चालेल?"

"भलतंच काय. चावी नीट बसली म्हणजे झालं."

"मग पेट्रोलचंही तेच. ऑक्टेन जास्त म्हणजे ते दाब सोसतं, ठिणगीआधी आपोआप पेटत नाही. जी इंजिनं हवा-पेट्रोलचं मिश्रण फार दाबतात त्यांना ते हवंच, नाहीतर ती ठोके देतात, जोर जातो. हिचं इंजिन दाबतंच कमी. हिला साधं पुरतं."

मग त्यांनी माझा एअर फिल्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारी जाळी, बाहेर काढला. धुळीने पार बुजला होता.

"लोकांच्या घड्याळातली धूळ फुंकता, आणि हिचा श्वास कोंडलाय ते दिसलं नाही? हवा कमी पडते, म्हणून पेट्रोल अर्धवट जळतं आणि काळा धूर होतो."

मालकांनी लगेच नवा फिल्टर मागितला.

शनिवारी नवा फिल्टर आणि साधे पेट्रोल घेऊन मी चढले. तुरुतुरु नव्हे, पण न थांबता. लेक मागे बसली होती. मनोऱ्यापाशी उतरून तिने पेटी उचलली. "बरं. पण फिल्टर आता मी बघणार."

मित्रांनो, घरच्या गाडीला कोणते पेट्रोल चालते, ते तिच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. आधी ते वाचा. मालकांची माया कमी नव्हती, पण इतक्या वर्षांत त्यांनी बॉनेट उघडले नव्हते. मी थकले आहे, हे खरेच. पण थकलेल्याला काही पाजण्याआधी त्याचा श्वास कुठे अडला आहे, तेवढे पाहत जा.