पुडीच्या पाठीवरची ओळ

मी एक बारीक ओळ बोलतेय. केशरी कुरकुरीत नळ्यांच्या पुडीवर, मागच्या बाजूला, अगदी खाली मला छापलंय. ‘यात कृत्रिम रंग आहे’ एवढंच मी सांगते, तेही इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. पुढच्या बाजूला मात्र हसरा वाघ ऐसपैस बसलाय.

छापखान्यातून निघून मी कुंभारी गावात कमलम्मांच्या दुकानात आले. तिथे आमच्या पुड्यांची माळ खिळ्याला लटकली. वाघ गिऱ्हाइकांकडे, मी भिंतीकडे.

समोरच राजेश्वरी राहते. मांडीवर सूप घेऊन ती दिवसभर विड्या वळते. तिचा चार वर्षांचा बसू किरकिरला की ती म्हणायची, “जा, पुडी आण आणि गप बस की!” पुडी खाल्ली की बसूच्या अंगावर लाल गांधी उठायच्या. तो खाजवून रडायचा. मग त्याला गप्प करायला आणखी एक पुडी यायची.

“उष्णता झाली असंल,” राजेश्वरी म्हणायची.

माळेतल्या माझ्या बहिणी अशा एकेक करून गेल्या. कुणीच त्यांना वाचलं नाही.

मागच्या महिन्यात माझा नंबर लागला. या वेळी बसूचे ओठ सुजले. राजेश्वरीने सूप टाकलं आणि त्याला उचलून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, विचारलं, “काय खाल्लं होतं?” मी बसूच्या मुठीतच होते. बाईंनी मला उलगडलं, खिडकीशी नेऊन वाचलं.

“हा रंग त्याला सोसत नसावा. पुडी पूर्ण बंद करा.”

राजेश्वरी बसूला कडेवर आणि मला हातात घेऊन तडक दुकानात गेली. “कमलम्मा, विडीच्या बंडलावर धोक्याचं एवढं मोठं चित्र छापतात. आन् लेकराच्या पुडीवर हे एवढुसं?”

“मी काय छापते होय गं?” कमलम्मा फणकारल्या. मग त्यांची नजर बसूच्या ओठांवर गेली. उठून त्यांनी सगळी माळ उलटी फिरवली.

आता मी दुकानाच्या खांबावर खळीने चिकटवलेली आहे. शेजारच्या कागदावर राजेश्वरीने लाल पेनाने लिहिलंय, ‘आधी मागं वाचा.’ माल टाकणारा माणूस दर सोमवारी माळ पुन्हा वाघाच्या बाजूने लावतो. तो गेला की कमलम्मा ती फिरवतात.

माझ्या कडा उचकटल्यात, शाई फिकी झालीय. तरी सांगते, पुडी फोडण्याआधी उलटी करा, हवं तर उजेडात न्या, पण मला वाचा.

बसूला अजून वाचता येत नाही. त्याला येईपर्यंत मी इथून हलणार नाही.