नवरीची आय कुठाय?

पिन नम्रताच्या ओठांत होती आणि कुरकुर पिनेच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडत होती. "...इस्त्रीचं लुगडं सोडून हेच काढलं... पदर काय राहतोय याचा... स्टेजवर सारखा सावरत बसतील... घोकून घोकून भाषण माझंच पाठ झालं, यांचं नाय..." पिन ओठांतून निघाली, खांद्यापाशी लुगड्यात शिरली, आणि सुनेचा गरम श्वास सीताबाईच्या गळ्याला लागला. सीताबाई मान वर करून, हात सोडून उभी राहिली — नवऱ्या उभ्या राहतात तशी. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या पोरी अशा उभ्या केल्या होत्या. आपल्यालाच कुणी नटवतंय म्हटल्यावर हातांचं काय करायचं ते तिला कळेना.

खाडीकाठच्या गावांतली ती धवलारीण. हळद लागल्यापासून नवरी वाटेला लागेपर्यंत लग्नाचा एकेक विधी धवल्यातून, म्हणजे लग्नाच्या गाण्यातून, लावून देणारी बाई. भटजी असला तर असला, नसला तर अडत नव्हतं. धवल्यावाचून मात्र मांडव हलायचा नाही. आता पेणच्या एका सांस्कृतिक मंडळाने तिचा सत्कार ठेवला होता, आणि अध्यक्ष दिनानाथ सर घरी येऊन बजावून गेले होते — "गायचं नाही हं सीताबाई. गाणं सगळ्यांनी ऐकलंय. दोन शब्द बोलायचे."

दोन शब्द! अख्खं लग्न गाऊन दाखवा म्हटलं तर एक ओळ इकडची तिकडे झाली नसती. पण हे साधं बोलणं... त्याला खुंटीच नाही, अडकवायचं कुठे? गाण्यात एक शब्द दुसऱ्याचं बोट धरून येतो; भाषणात प्रत्येकाला आपण घरी जाऊन बोलावून आणायचं. आणि पहिलाच शब्द 'मी'. 'मी सीताबाई, आपणा सर्वांना नमस्कार करते.' धवल्यात चूल असते, जातं असतं, नवरीचा मामा असतो, आकाशातले देवसुद्धा वऱ्हाडी होऊन येतात — 'मी' कुठेच नसते. मग सराव करताना तो शब्द उच्चारला की तिला वाटायचं, आपण भरल्या घरात उघड्या डोक्याने शिरलो.

भाषण रचलं होतं नम्रतानेच. अंगणवाडीत शिकवते ती. वाक्यं कशी नीट, धुतलेल्या पोरांसारखी. ती एकेक म्हणायची, सीताबाई मागून म्हणायची. पहिल्या दिवशी त्यात एक वाक्य होतं — 'ही परंपरा आपण आपल्या घरापासून जपूया.' दुसऱ्या दिवशी ते नव्हतं. सीताबाईला लिहिता-वाचता येत नसलं तरी ऐकलेलं हरवत नाही. तिने विचारलं, "मधलं एक ऱ्हायलं का गो?"

"लांबतंय हो आई, म्हणून काढलं."

लांबत असेल. असेलही... पण घरात लग्न होतं. किमयाचं, नम्रताच्या लेकीचं, म्हणजे सीताबाईच्या नातीचं, रोह्याच्या पोराशी. तारीख ठरली, हॉल ठरला, बँड ठरला, आइस्क्रीमसुद्धा ठरलं. धवला सांगायचा, म्हणजे धवलारणीला बोलावणं करायचं, तर घरातली बाई पान-सुपारी घेऊन येते आणि धवलारणीच्या ओटीत घालते. त्याशिवाय तिने तोंड उघडायचं नाही. अजून कुणी आलं नव्हतं. आता याच घरातून याच घरात कोण येणार? ओटीवरून पडवीत यायला पान-सुपारी कशाला? — असं सीताबाई स्वतःला सांगे. दिवसातून कितीदा तरी सांगे. आणि ती आत आली की बोलणं चटकन बोंबलांवर जायचं, तेव्हा बोंबलांचं बोलायला लागायची तीही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. म्हणूनच तर विचारलं नव्हतं.

गावातल्या मोरूच्या मिनिडोअर रिक्षात सगळे दाटीवाटीने बसले. पुढे सीताबाईचा मुलगा केरू, मागे तिघी. नम्रताचे ओठ हलत होते. सासूच्या वतीने पाठांतर चाललं होतं.

"आजे," मोरू आरशात बघून ओरडला, "भाषणात माज्या गाडीचं नाव घे. बोल, मोरूच्या गाडीनं आयलू म्हणून जिती हाय."

"तुजं लगीन मीच लावलं होतं ना रे? तवापासून तू असाच चालवतंस. बायको कशी टिकली ती!"

किमया खुदकन हसली. मोरूही हसला आणि म्हणाला, "आता किमयाचं लावशील. घसा राखून ठेव गो आजे, माईकवर फुकट नको घालवू."

गाडीचा आवाज एकाएकी मोठा झाल्यासारखा वाटला. नम्रताचे ओठ थांबले. किमया बाहेर बघू लागली, जणू मिठागरांतल्या पांढऱ्या ढिगांत कुणी ओळखीचं उभं आहे.

"मोरू, खड्डा बघ," केरू म्हणाला.

खड्डा नव्हता. सीताबाईने बघितलं होतं.

हॉलमध्ये पंखे, हार, शाल, नारळ. शाल खांद्यावर पडली आणि त्या ओझ्याने पदर खरंच घसरला. नम्रता पहिल्या रांगेतून डोळ्यांनीच खेकसली. सर भरपूर बोलले. लोकसंस्कृती, ठेवा, वारसा... हे शब्द ऐकताना सीताबाईला वाटलं, आपण मेलोय आणि ही आपली शोकसभा आहे, फक्त सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहायचं राहिलंय. मग माईकजवळ नेलं. धवला बसून गायचा असतो, जमिनीकडे बघत. इथे उभं राहायचं, आणि समोर डोळेच डोळे.

"मी सीताबाई... आपणा सर्वांना नमस्कार करते."

आलं की! दुसरं वाक्य आलं, तिसरं आलं, चौथंही. नम्रताची मान तालावर हलत होती. आणि मग — जिथून ते वाक्य काढलं होतं तिथे — पायरी चुकावी तसा पाय खाली गेला. समोर नम्रता नुसते ओठ हलवून काहीतरी सांगत होती. सीताबाईला ते दिसत होतं, पण घ्यावंसं वाटेना.

"मना भाषण येत नाय गो," ती म्हणाली. माईकने ते हॉलभर नेलं. "सुनेनं शिकवलं ते सपलं. मना लगीन लावता येतं. मागं बसल्यात त्या बायांनो, तुमच्यात कितीजणींची मी लावली?"

मागे हात वर झाले. खूप झाले. बांगड्या वाजल्या.

"लावलेलं मना काढता येत नाय हां. नवरा कसा निघाला ते मना सांगू नका."

हॉलभर हशा फुटला. दिनानाथ सरही रुमालाआड हसले. सीताबाईच्या पायांखाली जमीन आली. आता कुणी थांबवलं असतं तरी ती थांबली नसती. "धवला म्हंजे गाणं नाय. धवला म्हंजे हाक. घरातल्या एकेकाला मांडवात हाक मारायची. हाक आली की उठायचं — रुसलेला असो, भांडलेला असो, उठायचं. सर बोलले गाऊ नको. मंग हाक तर मारते. पयली कुणाची? आयची." आणि सवयीने तिची नजर खाली गेली, आवाज पोटातून आला — "नवरीची आय कुठाय? पुढं ये गो."

दाखवण्यापुरतं म्हणाली होती ती. देवाशपथ दाखवण्यापुरतंच. पण ही हाक रिकामी जात नसते. नम्रताचं लग्न याच बाईने लावलं होतं, त्या अंगाला ते ठाऊक होतं. पहिल्या रांगेत खुर्ची सरकली. नम्रता उभी राहिली होती.

"हाय," ती म्हणाली.

थांब, सीताबाईच्या मनाने म्हटलं, इथेच थांब, हसून सोडून दे... पण या हाकेमागून एक प्रश्न येतो, दाराआड दार असतं तसा. जिभेने इतकी वर्षं तो कधी गाळला नव्हता.

"धवला कुणी सांगितला?"

यावर आईने म्हणायचं असतं, 'आमी सांगितला, मानानं सांगितला.' मग सगळ्यांनी होकार भरायचा. मागच्या बायका होकार भरायला तोंड उघडून तयारच होत्या. केरूने बायकोचा पदर धरून खाली ओढलं. नम्रताने पदर सोडवून घेतला.

"नाय सांगितला, आई," ती म्हणाली. तिच्यापुढे माईक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. "किमयाच्या लग्नात धवला नाय. रोह्याची माणसं बोलली, आमच्यात हे चालत नाय, नको. अन् आमी... आमी व्हय बोललो. तुमाला सांगायला तोंड नव्हतं."

कुठेतरी टाळी वाजवायला उचललेला हात तसाच राहिला. सीताबाईने माईकची दांडी धरली होती. ती गार होती. दुखेल म्हणून ती वाट बघत राहिली. दुखणार होतंच, घरी गेल्यावर, किंवा हळदीच्या दिवशी हात रिकामे राहतील तेव्हा. पण आत्ता दिसत होती ती फक्त सून — भर सभेत, खोटं उत्तर तोंडाशी तयार असताना खरं बोललेली, आणि हाक आल्यावर उठलेली. आणि मागाहून, अगदी न बोलावता, एक विचार आला: इतकी लग्नं लावली, पण सगळी मान खाली घालून; हार पडताना नवरीचं तोंड कसं दिसतं ते मी एकदाही पाहिलेलं नाही. किमयाचं बघेन मी. मी, असंच आलं मनात. मी.