तिसरी खुर्ची दाराबाहेर

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि जन्मापासून तिसरी आहे.

जन्म: सुताराने एकाच लाकडातून आम्हा तिघींना घडवलं. बालपण: खुर्चीला नसतं. नोकरी: लगेच लागली.

एका इमारतीच्या तळमजल्यावर समुपदेशक घडवणारा वर्ग भरतो. दिव्यांग माणसं आपल्या अडचणी घेऊन येतात, त्यांच्याशी कसं बोलावं, आणि त्याहून जास्त म्हणजे कसं ऐकावं, हे तिथे शिकवतात. पहिली खुर्ची समुपदेशकाची. दुसरी आलेल्या माणसाची. तिसरी मी, त्याच्या सोबत आलेल्याची.

आणि गंमत बघा. बोलायचं असायचं दुसरीशी, पण सगळे बोलायचे माझ्याशी! "यांना चालता येतं का?" "यांना झोप लागते का?" माझ्यावर आई बसो, काका बसो, की सरावापुरता आई झालेला वर्गातला मिशीवाला, माना वळायच्या माझ्याकडेच. माझा वेत सैल झाला, एक पाय डुगडुगू लागला, तरी मान कमी झाला नाही.

मग तो दिवस उजाडला. (वर्णन राहू द्या. दिवस नेहमीसारखाच होता.)

वर्गात एक शिकाऊ होता. भरभर बोलायचा, म्हणून सगळे त्याला 'एक्स्प्रेस' म्हणत. शिकवणाऱ्या बाईंना दिसत नाही. त्या कोपऱ्यात बसून ऐकायच्या. त्या दिवशी सोंग नव्हतं, खरेखुरे बहीण-भाऊ आले होते. बहीण चांगली पंचविशी ओलांडलेली, पण भाऊ तिला 'छोटी'च म्हणायचा. तिची जीभ सावकाश चालायची, हात थरथरायचे. तिला एका बेकरीत काम मिळत होतं. सोमवारपासून या, पण आज संध्याकाळपर्यंत कळवा, असा मालकाचा निरोप होता. दादाला ते मुळीच पसंत नव्हतं.

दादा माझ्यावर बसला. एक्स्प्रेस सुटला.

"यांना बेकरीचं काम आवडेल का हो?"

"आवडेल हो, पण झेपायला नको? हात बघा तिचे. भट्टीत भाजून घेईल."

"घरी यांचा वेळ कसा जातो?"

"मस्त जातो! टीव्ही आहे, माझी पोरं आहेत..."

कोपऱ्यातून बाई म्हणाल्या, "एक्स्प्रेस, तुझा आवाज खिडकीकडे चाललाय. मघाशी 'नमस्कार' म्हणाली, ती दाराजवळ बसलीय."

एक्स्प्रेसचे कान लाल झाले. तो वळला. "ताई, सॉरी. तुम्हाला काय वाटतं?"

"मला..."

"तिला म्हणायचंय की..." दादा मध्येच म्हणाला.

"दादा, एक मिनिट."

"अहो, तिला वेळ लागतो!"

"लागू दे ना. मला कुठे जायचंय?"

हे एक्स्प्रेस म्हणाला! बाई गालातल्या गालात हसल्या.

(इथे मी मुद्दाम जागा सोडते. तुम्हीही थांबा.)

.

.

.

पंखा फिरत होता. एक्स्प्रेसचा पाय टेबलाखाली उड्या मारत होता, पण तोंड बंद.

"मला... भट्टी... नाहीच. पाव... पिशवीत... भरायचे."

दादा चमकून पुढे सरकला. "हे मला का नाही सांगितलंस, छोटे?"

"तू... विचारलंस... कुठे?"

दादाने रुमालाने कपाळ पुसलं. मग तीच हसत म्हणाली, "दादा... तू... बाहेर... बस."

एक्स्प्रेसने मला उचलून दाराबाहेर ठेवलं, दादाला पाणी दिलं आणि दार लोटून घेतलं.

मित्रांनो, तेव्हापासून मी दाराबाहेरच असते. आत माझी आठवण कुणी काढत नाही, आणि खरं सांगते, बरं वाटतं. माझा डुगडुगता पाय मात्र कुणीतरी दुरुस्त करा. सोबत येणारा माणूसही दमलेला असतो, त्याला नीट टेकता यायला हवं. पण प्रश्न माझ्याकडे बघून विचारू नका. ज्याचं आयुष्य आहे, त्याच्याकडे वळा. उत्तराला वेळ लागला तर बसून राहा. नुसतं बसून कसं राहायचं, ते माझ्याकडून शिका.

गोष्ट इथे संपली असती. पण ते दार अजून उघडायचं आहे.

दार उघडलं. बहीण बाहेर आली.

"काय ठरलं?" दादाने विचारलं.

"सो..."

पुढची अक्षरं दादाच्या ओठांपर्यंत आली होती. त्याने माझे दोन्ही हात घट्ट आवळले, म्हणून मला कळलं. ती अक्षरं त्याने गिळली, आणि तो थांबला.

"...मवारपासून," ती म्हणाली.