कागदावरची बैठक

नागप्पानं ताट पुढं केलं नाही, कागद पुढं केला.

दानम्माच्या हातातली आमटीची पळी थबकली. दर सोमवारी कपाळाला विभूती लावून ती लातूरच्या आपल्या हॉटेलात यायची आणि कामगारांच्या पंगतीला स्वतः वाढायची. नवरा शंकरप्पा असताना नुसती खानावळ होती, तेव्हापासूनचा हा नेम. आता चार मजले चढले, कंपनी झाली, दानम्मा अध्यक्ष झाली. नेम मोडला नव्हता.

"तूच वाच," ती म्हणाली. "माझं शिक्षण सहीपुरतं."

एकतीस वर्षं भटारखाना सांभाळलेला नागप्पा हळू आवाजात वाचू लागला. संचालकांच्या बैठकीत खर्च कमी करायचं ठरलं, म्हणून मुख्य आचाऱ्याचं पद महिनाअखेर बंद. त्याच बैठकीत मॅनेजिंग डायरेक्टरांचा, म्हणजे तिच्या मृत्युंजयचा, पगार दुप्पट. खाली अध्यक्षांची सही. सहीशेजारी झेरॉक्समध्ये उमटलेला राखाडी डाग. विभूतीचं बोट, तिचंच.

"बारा तारखेला सकाळी अकरा वाजता झाली म्हणे बैठक," नागप्पानं कागदाची घडी घातली. "त्या दिवशी तुमी नांदेडला व्हत्या, अक्का. माझ्याजवळ."

गौरम्माचं, त्याच्या बायकोचं, ऑपरेशन होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून दानम्मानंच त्याला रागे भरून भाकरी खायला लावली होती. नागप्पानं कागद खिशात ठेवला. त्यानं शिवी दिली असती तर तिला सोसली असती.

मागं एकदा पूजेवरून उठता उठता पोरानं, मृत्युंजयनं, बैठकीच्या रजिस्टरची कोरी पानं पुढं केली होती. "अध्यक्षबाई, सह्या द्या," असं पाहुण्यांदेखत म्हणाला होता, आणि ती फुलली होती.

पळी ठेवून ती नागप्पाला घेऊन वर ऑफिसात गेली. मृत्युंजय समजुतीनं बोलला. कंपन्यांत असंच चालतं, तीन संचालकांत तो आणि त्याची बायको राजश्री अशी दोन मतं आहेतच, आईची सही म्हणजे नुसती रीत. मग आवाज उतरवून म्हणाला, "बोभाटा केलास तर तुझीच शोभा होईल. अध्यक्षबाई कोऱ्या कागदावर सह्या करतात म्हणतील लोक."

एका किडक्या वांग्यावरून भाजीवाल्याच्या सात पिढ्या काढणाऱ्या बाईनं आवाज चढवला नाही.

"म्हणू दे. केल्यात मी," ती म्हणाली. "उद्याच्याला खरी मीटिंग घे. ह्याला काढायचं तर माझ्या तोंडाम्होरं हात वर करा दोघं. पगार बी तसाच माग. आन् ते रजिस्टर दे हिकडं."

मग ऑर्डरच्या चिठ्ठीवर तिनं नागप्पाकडून एक ओळ लिहून मागितली. त्यानं पेन धरलं, पण टेकवेना.

"अक्का, उद्या हात वर व्हतीलच."

"व्हऊ दे. तू लिव्ह."

पहिलीच्या पोराला गिरवायला द्यावी तशा मोठ्या अक्षरात त्यानं लिहिलं: मी त्या दिवशी हजर नव्हते.

टेबलाच्या टोकाला अध्यक्षांची खुर्ची होती, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. दानम्मा तीत पहिल्यांदाच बसली. प्लास्टिक करकरलं. तिनं बोटं पदराला पुसली आणि एकेक अक्षर चिठ्ठीत बघून रजिस्टरात उतरवू लागली. 'नव्हते'तल्या जोडाक्षरापाशी पेन अडलं, तेव्हा नागप्पानं पुढं होऊन चिठ्ठी तिच्याकडं जरा सरकवली.

खाली पंगत रिकाम्या ताटांवर बसून होती.